हातचं काही न राखणाऱ्या मिस्त्रीमामांना

तीर्थस्वरूप मिस्त्रीमामांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमच्यासमोर बसून आभाराचं काही बोलायला लागलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून लिहून काढतोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. आपल्या तासगाव भागात शेती सांभाळून रानातच फॅब्रिकेशनचं शेड टाकायचा विचार करणारी बरीच पोरं आहेत. तुम्ही मला काय काय दिलंत ते त्यांनाही कळायला हवं.

तुमचं वर्कशॉप आमच्या रानापासून फार लांब नाही. गावं तीच, गिऱ्हाईकं तीच, कामंही तीच: द्राक्षबागेचा मांडव पेलणारे वाय आकाराचे अँगल, बेदाणा शेडचे रॅक, गोठ्याच्या गव्हाणी, ट्रॉलीची डागडुजी. मी उभा राहिलो तर तुमच्या कामातला वाटा कमी होणार, हे तुम्हाला पहिल्यापासून दिसत होतं. तरी तुम्ही हातचं काही राखलं नाहीत.

आधी अण्णांची गोष्ट. बागेच्या कडेची जागा शेडला द्यायला ते तयार नव्हते. काळ्या आईच्या उरावर लोखंड कशाला, हा त्यांचा एकच सवाल. तुम्ही घरी आलात, जेवलात आणि किर्लोस्करवाडीचा विषय काढलात. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर कारखाना हलवला आणि तिथून लोखंडी नांगर बाहेर पडले. त्याआधी बेळगावात पहिला नांगर तयार झाला तेव्हा, लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते, हेही तुम्ही सांगितलंत. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन जागा मोजायला तेच आले.

जागा मिळाल्यावर मी लगेच मशीन आणायला निघालो होतो. तुम्ही थांबवलंत. शेतजमिनीवर धंदा करायचा तर बिगरशेतीचं काय लागतं ते तहसीलमध्ये विचारल्याशिवाय पाया खणायचा नाही, आणि शेतीपंपाच्या कनेक्शनला वेल्डिंग मशीनची वायर लावायची नाही, हे तुम्ही बजावलंत. रानातली थ्री फेज दिवसातून ठरावीक तासच येते, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. पण तुमचा मुद्दा वेगळा होता. एका कारणासाठी घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरली, तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे दुप्पट दरानं आकारणी होते. औद्योगिक कनेक्शनला वेळ गेला, पैसेही गेले. आता रात्री निवांत झोप लागते ती त्यामुळेच.

कर्जाचंही तसंच. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान चालू धंद्याला मिळत नाही, नव्यालाच मिळतं, म्हणून अर्ज आधी आणि शेड नंतर, हे तुम्ही सांगितलंत. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या 25 टक्के आणि महिलांना 35 टक्के अनुदान आहे. खरेदी, हिशेब, बँक हे सगळं आमची वहिनीच बघणार होती. धंदा चालवणार ती, तर मालकही तीच असू दे, हे तुमचं म्हणणं सगळ्यांना पटलं. अनुदानाची रक्कम हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते आणि मग कर्जात वळती होते, हे आधीच माहीत असल्यानं आम्ही त्या पैशावर कसलेही बेत आखले नाहीत. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधारवर फुकट होते, कुणाला एक रुपया देऊ नका, हेही तुमचंच.

आता भाव काढायच्या वहीबद्दल लिहितो, कारण धंदा टिकला तो तिच्यावर. आयटीआयमध्ये मी वेल्डिंगचा रॉड चालवायला शिकलो, पण भाव काढायला नाही. गिऱ्हाईक गेटचं चित्र मोबाइलवर दाखवतं आणि म्हणतं, किती घेणार? आजूबाजूचे बरेच जण अंदाजानं आकडा फेकतात. तुम्ही वहिनीला आणि मला शेजारी बसवून वजन काढायला लावलंत. गोल बार असेल तर मिलीमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून 162 नं भागायचं, मीटरला किलो मिळतात. म्हणजे 12 एमएमचा बार मीटरला 889 ग्रॅम. पत्रा असेल तर एक चौरस मीटरला दर मिलीमीटर जाडीमागे 7.85 किलो. 50 बाय 50 बाय 6 चा अँगल मीटरला साडेचार किलो, म्हणजे सहा मीटरची लांबी 27 किलो भरायला हवी. त्यात कटिंगची तूट, रॉड, ग्राइंडरची चाकं, रेडऑक्साइड, वीज, मजुरी आणि गाडीभाडं वेगवेगळं मांडायचं.

आणि माल उतरवताना काट्यावर घालायचा! हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. 27 किलोची लांबी 24 भरली तर जाडी कमी आहे, आणि ती कमी जाडी उद्या घडांनी लगडलेल्या बागेखाली उभी राहणार आहे. ऐन पिकात मांडव बसला तर शेतकऱ्याचं वर्षच गेलं. आमच्या शेडमध्ये आता हलका माल उतरत नाही. दुकानदार कुरकुरतात, बदलून मात्र देतात.

वेल्डिंगचंही तुम्ही पुन्हा पहिल्यापासून घेतलंत. पातळ पाइपला बारा नंबरचा, म्हणजे बारीक रॉड, जाड अँगलला दहा नंबरचा, म्हणजे त्याहून जाड. वेल्ड थंड होताना लोखंड आखडतं आणि जॉब त्या बाजूला ओढला जातो, म्हणून आधी सगळीकडे वेल्डचे छोटे टाके मारायचे, कोपरा काटकोनात आहे का ते बघायला गुण्या लावायचा, दोन्ही कर्ण मोजायचे आणि मगच समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून वेल्ड घ्यायचा. जीआय पाइपवरचं जस्त घासून काढल्याशिवाय त्याला आर्क लावायचा नाही, कारण त्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. शेडच्या भोवती दहा मीटरपर्यंत पाचट, कडबा, शेडनेट काही ठेवायचं नाही, ठिणगी तेवढी लांब जाते. काम संपल्यावर अर्धा तास कुणीतरी तिथंच थांबायचं. रानातल्या शेडला हा नियम गावातल्या दुकानापेक्षा जास्त लागू आहे, आणि तो आम्ही पाळतो.

पण मामा, तुम्ही दिलेल्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे नाही म्हणायची हिंमत. डिझेलचं रिकामं बॅरल कापून पाण्याचं टाकं करून दे, असं कुणीही सहज म्हणतं. रिकामं बॅरल भरलेल्यापेक्षा घातक असतं, कारण आत वाफ साठलेली असते, हे तुम्ही सांगितलं नसतं तर ओळखीच्या माणसाला मी नाही म्हणू शकलो नसतो. ट्रॉलीचं तसंच. ट्रॅक्टरला अडकवायच्या दांड्याला चीर पडलीय, हंगाम चालू आहे, वरूनच एक रॉड फिरवून दे, म्हणतात. तुम्ही मला चीर मुळापर्यंत घासून काढायला लावलीत, भट्टीत वाळवलेला 7018 चा, म्हणजे मजबूत जोडाचा रॉड वापरायला लावलात, आणि ज्या दांड्याचं लोखंडच थकलंय तो सरळ परत पाठवायला शिकवलंत. उसानं भरलेली ट्रॉली चढाला सुटली तर मागच्या मोटारसायकलवर कोण असेल, सांगता येतं का, असं तुम्ही विचारलं होतंत. मी परत पाठवलेला एक जण रागावून तुमच्याकडे आला, तेव्हा तुम्हीही ते काम घेतलं नाहीत. माझ्या शब्दाला गावात वजन आलं ते त्या दिवसापासून.

बेदाण्याच्या हंगामाआधी रॅकचं मोठं काम तुमच्याकडे आलं होतं. तुमच्या पोरांना जास्तीचे दिवस लावून ते सहज उरकता आलं असतं. तुम्ही निम्मं आमच्याकडे पाठवलंत, आणि त्या शेतकऱ्याला सांगितलंत की माल दोन ठिकाणचा असला तरी जबाबदारी माझी. त्याच कामातून आमचा पहिला हप्ता वेळेत गेला. अण्णा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगतात.

यंदा खंडेनवमीला शेडमध्ये मशीनची पूजा आहे. ती तुमच्या हातून व्हावी अशी आम्हा सगळ्यांची इच्छा आहे. मामींनाही आणायचंय, वहिनी त्यांना वेगळा फोन करेल. सकाळी नऊला गाडी पाठवतो. जेवूनच जायचं. आणि पूजा झाली की कडबाकुट्टीच्या गार्डचा नवा नमुना केलाय, तो नीट तपासून सांगा. पात्याजवळ जाळी अजून अर्धा इंच पुढे घ्यावी असं मला वाटतंय.

तुमचा,
भाचा