दूध पावडरची तपासणी नायट्रोजनपाशी थांबू नये

संपादक महोदय,

दुधाच्या पावडरमध्ये प्रथिने किती, हे ठरवायला आजही केल्डाल पद्धत सर्रास वापरली जाते. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, नायट्रोजन मोजायचा, त्याला ६.३८ने गुणायचे, की प्रथिनांचा आकडा तयार. पण तो नायट्रोजन दुधातल्या केसीन या प्रथिनाचा की बाहेरून घातलेल्या रसायनाचा, हे ही पद्धत सांगूच शकत नाही. मेलामाइन या प्लास्टिकसाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनाच्या वजनात सुमारे ६६ टक्के नायट्रोजन असतो. थोडेसे मिसळले तरी निकस माल कागदावर कसदार ठरतो. २००८ मध्ये चीनमध्ये नेमके हेच घडले. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली, ६ दगावली. हे आठवले की आजही संताप होतो.

खरे तर पळवाट बुजवणे अवघड नाही. ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल घातले की प्रथिने साक्याच्या रूपाने खाली बसतात आणि युरिया, मेलामाइन वरच्या द्रावणात राहतात. तिथला नायट्रोजन वेगळा मोजला तरी संशय पक्का होतो. मग द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने रेणूच ओळखता येतो. बाळांच्या पावडरीसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने ठरवलेली किलोमागे १ मिलिग्रॅम मेलामाइनची मर्यादाही त्यातून तपासता येते. निअर इन्फ्रारेड यंत्र झटपट चाळणीला उत्तम, पण अगदी अल्प भेसळ त्यातून निसटते. केवळ त्यावर विसंबून बाळांचा माल मोकळा करू नये.

प्रत्येक अहवालात प्रथिनांच्या आकड्याशेजारी तपासणीची पद्धत आणि प्रथिनेतर नायट्रोजन छापणे बंधनकारक करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक