‘कारणे व परिणाम’च्या पुढे आपली मुलं कधी जाणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती आटोपले की आमच्या वाचनालयात कॉलेजची मुलं यायला लागतात. अंतर्गत गुणांसाठी प्रकल्पाची फाईल द्यायची असते. विषय ठरलेले : ‘कोकणातील स्थलांतर : कारणे व परिणाम’, ‘कोकण रेल्वेचे फायदे-तोटे’, ‘खोती पद्धतीची माहिती’. मुलं पुस्तकाच्या पानांचे फोटो काढतात, हल्ली थेट मोबाइललाच विचारतात, आणि संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात रंगीत मुखपृष्ठ लावून स्पायरल करून घेतात. मी तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर या वाचनालयाचं काम बघतो. मुलं दाखवतील त्या फायली मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. वाचताना जीव तुटतो, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी स्थलांतराचा विषय घेऊन आली होती. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘स्थलांतर ही एक जागतिक समस्या आहे.’ पुढे बारा पानं. कमी जमीन, उद्योगांचा अभाव, शिक्षणाची गैरसोय, अशी सात कारणं आणि सहा परिणाम एकाखाली एक. चूक एकही नव्हती. पण ते वाक्य खोडून ‘नाही, असं नाही’ म्हणावं असं कुणाला वाटेल का? ज्याला कुणी हरकतच घेऊ शकत नाही, ते सिद्ध तरी काय करायचं?

मी तिला विचारलं, ‘तुमच्या घरातलं मुंबईला कोण गेलं गो?’ म्हणाली, ‘आजोबा. लालबागला गिरणीत होते. ब्याऐंशीचा संप झाला नि परत आले.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘पण सर, घरचं लिहिलेलं चालतं का?’

हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात काढलेल्या मुलीला वाटतं की अभ्यासात चालतं ते परक्याचं, आणि स्वतःच्या घरातलं चालत नाही.

चार दिवसांनी ती बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. आजीने जपून ठेवलेली मनीऑर्डरची कुपनं. ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल, मनीऑर्डरच्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी मजकूर लिहायला जागा असायची आणि तो तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राहायचा. आम्ही दोघांनी ती तारखेप्रमाणे टेबलावर मांडली. एरवी महिन्याला रक्कम बेताची. पण दर वर्षी मे अखेरीला आणि जूनमध्ये मोठी. आणि मजकूर असा : ‘लावणीला गडी घ्यावेत’, ‘बैलाचे पैसे भागवावे’, ‘बांध घालून घेणे’.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘सर, पुस्तकात लिहिलंय लोक शेती सोडून मुंबईला गेले. पण आजोबा तर शेती टिकवायलाच गेलेले.’

हे तिचं पहिलं खरं वाक्य. याला हरकत घेता येते, म्हणूनच ते मांडायला हवं आणि पुराव्याने उभं करायला हवं. मी लगेच हरकत घेतली : एका घरावरून अख्ख्या जिल्ह्याबद्दल कसं बोलशील? ती वाडीतल्या आणखी चार घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलली. तीन घरी तिच्यासारखंच निघालं. चौथं घर पूर्वी खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं, कूळ. स्वतःची जमीन नव्हती, मुंबईहून आलेला पैसा आधी कर्जात जायचा. म्हणजे तिचं वाक्य त्या घराला लागू पडेना. ती निराश झाली. मी म्हटलं, अगो, आता तर खरी मजा. ते घर लपवू नको, ते घेऊनच पुढे लिही. मग वाक्य झालं : ‘ज्यांच्याकडे थोडी का होईना स्वतःची जमीन होती, त्या घरांनी गिरणीच्या पगारावर शेती टिकवली; ज्यांच्याकडे नव्हती, त्यांच्यासाठी मुंबई ही सावकाराच्या कर्जातून सुटण्याची वाट होती.’ पहिल्यापेक्षा लहान दावा, पण कितीतरी भक्कम.

मग खोतीचं प्रकरण आपोआप आत आलं. भाताच्या जमिनीवर अर्धेल, वरकसावर (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर) तिर्धेल, म्हणजे निम्मं आणि तिसरा हिस्सा खोताला. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा झाला १९४९ ला. हे सगळ्या फायलींत असतं. पण कायदा झाल्यावरही चाकरमानी, म्हणजे मुंबईला नोकरीसाठी जाणारे कोकणी, जातच राहिले, हे त्याच फाईलमध्ये दोन पानं पुढे असतं, आणि ही दोन पानं एकमेकांशी बोलत नाहीत. खोती हेच कारण असतं तर खोती गेल्यावर ओघ आटायला नको होता का? मग आणखी काय होतं? विश्लेषण म्हणतात ते हेच. त्याला जड शब्द लागत नाहीत. ‘सामाजिक-आर्थिक परिप्रेक्ष्यात’ असं लिहिलं की निबंध विश्लेषणात्मक होतो, अशी मुलांची समजूत कुणी करून दिली कोण जाणे. या मुलीने आजीच्या बोलीतली वाक्यं अवतरणात जशीच्या तशी घातली, तिथे तिचं लेखन सगळ्यात नेमकं झालं.

साडेतीन पानांचा निबंध झाला. कॉलेजात त्याला दहापैकी चार मिळाले. शेरा होता : ‘मुद्दे शीर्षकाखाली नाहीत, परिणाम लिहिलेले नाहीत.’ तिच्या मैत्रिणीला बारा पानांच्या फाईलला आठ. कॉलेजचं नाव मी लिहिणार नाही, कारण हे एका कॉलेजचं दुखणं नाही. प्राध्यापकांचंही मला कळतं. एकेकाकडे शंभरावर फायली, रिकामी पदं, वर परीक्षेची कामं; पानं मोजून गुण देण्यापलीकडे वेळच राहत नाही. पण मग बारा पानं मागता कशाला? तीन पानं मागा. एकदा कच्चं वाचून समासात दोन प्रश्न लिहा, ‘हे कशावरून?’ आणि ‘याला कोण हरकत घेईल?’, आणि पुन्हा लिहून आणायला सांगा. तपासण्याचं काम त्याने वाढणार नाही.

माझी खरी विनंती विषयांच्या शब्दांबद्दल आहे. ‘चरीच्या शेतकरी संपाची माहिती लिहा’ म्हटलं की मोबाइल अर्ध्या मिनिटात लिहून देतो. त्याऐवजी विचारा : अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांचा, खोतांविरुद्धचा, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालचा हा संप १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं टिकला कसा, जमिनी ओसाड ठेवून कुळांच्या चुली कशावर पेटत होत्या? अलिबागच्या मुलांना हे शोधायला लांब जावं लागणार नाही. ‘कोकण रेल्वेचे फायदे-तोटे’ ऐवजी : १९९८ ला रेल्वे पूर्ण झाली, त्याने चाकरमानी गावाशी जास्त बांधला गेला की गाव सोडणं सोपं झालं? याचं उत्तर कुठल्याच गाईडमध्ये नाही. स्टेशनवर आहे, गणपतीच्या गर्दीत आहे, बंद घरांच्या कुलपांवर आहे. मोबाइलच्या नावाने खडे फोडण्यात मला अर्थ वाटत नाही. मोबाइल नव्हता तेव्हाही मुलं गाईडवरून उतरवतच होती. उतरवता येण्यासारखंच आपण विचारत आलो.

आणि पुराव्याची आपल्याकडे वानवा नाही. १८८० चं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. ग्रामपंचायतीची दप्तरं आहेत, सातबारे आहेत, मंदिरांच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत, आणि ऐंशी-नव्वदीतली बोलती माणसं आहेत. त्यातली माणसं मात्र दर पावसाळ्यात कमी होतायत.

आपल्या जिल्हा आवृत्तीत महिन्यातून एकदा विद्यार्थ्याच्या अशा एका निबंधाला जागा द्यावी, ही विनंती. छापून आलेलं पाहिलं की घरचं चालतं का, असं विचारायची वेळ पुढच्या मुलीवर येणार नाही. त्या मुलीच्या आणि तिच्या आजीच्या संमतीने तिची साडेतीन पानं सोबत जोडली आहेत. कुपनांच्या मात्र झेरॉक्स पाठवतो आहे. डबा आजीने त्याच संध्याकाळी परत मागून घेतला.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी