त्या कॅप्सूल तूर्त सुरू करू नयेत, म्हणून

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी पाठवलेला लघवीच्या तपासणीचा अहवाल मी बारकाईने वाचला. शरीरातील शिसे, पारा यांसारखे जड धातू बाहेर काढण्यासाठी म्हणून घेतलेल्या कॅप्सूल त्याच्या आधारावर सुरू करू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बाबा, शिबिरात तुम्हांला आधी एक औषध देऊन मग सहा तासांची लघवी घेतली होती. असे औषध पोटात गेले की निरोगी माणसाच्या लघवीतही धातूंचे प्रमाण वाढते. अहवालात शेजारी छापलेली मर्यादा मात्र औषध न घेतलेल्या लोकांची आहे, त्यामुळे लाल अक्षरांतील आकड्यांवरून विषबाधा सिद्ध होत नाही. शिवाय आदल्या रात्री घरी कोळंबी होती. मासळीतील आर्सेनिक बहुतांशी निरुपद्रवी असते, पण एकूण आकड्यात तेही मोजले जाते. शिशाची शंका असेल तर शिरेतून रक्त घेऊन तपासणे हाच योग्य मार्ग आहे.

कॅप्सूलच्या डबीवर क्लोरेला (एक प्रकारचे शेवाळ), झिओलाइट (एक खनिज) आणि अल्फा लिपोइक ॲसिड लिहिले आहे. यांपैकी शेवटच्या घटकाने रक्तातील साखर उतरू शकते, आणि तुम्ही मधुमेहाच्या गोळ्या घेता, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. धातू खरोखर बाहेर काढणारी औषधे वेगळी असतात. ती कॅल्शियम, जस्त यांसारखी आवश्यक खनिजेही ओढून नेऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली धातू बाहेर काढण्याचा दावा करणारी उत्पादने चिठ्ठीविना विकणाऱ्या कंपन्यांना ताकीद दिली होती.

आई, गुडघ्यांसाठी तू घेतेस त्या बिनलेबलच्या पुड्या मात्र आजच थांबव. आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते, आणि पुडीत काय आहे हे आपल्याला ठाऊकच नाही. धातू कोठून येतो ते शोधून तो बंद करणे हा उपचाराचा पहिला भाग असतो. तुझ्या कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेव, कारण शिसे हाडांत साठते आणि उतारवयात हाडे झिजू लागली की ते पुन्हा रक्तात उतरते.

शनिवारी मी येत आहे. अहवाल, कॅप्सूलची डबी आणि उरलेल्या पुड्या घेऊन आपण तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊ.

तुमची लेक