काकू, "दुखता काय गो तुका?" असं तुम्ही विचारलंत म्हणून

प्रिय काकू,

चवथीला तुम्ही गावी याल तेव्हा भेट होईलच, पण आरत्या, पाहुणे आणि मोदकांच्या घाईत बोलायचं ते राहून जातं, म्हणून आधीच लिहिते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण आमच्या लेकीचे केस पाहून बाजारात, एसटीत, देवळात कुठल्या ना कुठल्या मुलीची आई मला थांबवते आणि विचारते, "हे कोणी शिकवलं?" त्या सगळ्यांना कळू दे.

तुम्हाला तो पहिला दिवस आठवतो का? मी पडवीत बसून लेकीचे केस विंचरत होते. शाळेची वेळ झालेली. बारीक दातांची फणी, कोरडे केस, वरून थापलेलं खोबरेल आणि माझे दोन्ही हात जोर लावताहेत. ह्यांच्याकडचे केस तिने घेतलेत, स्प्रिंगसारखे घट्ट कुरळे. माझे सरळ. त्यामुळे मला एकच रीत माहीत होती: वरून खाली फणी ओढायची, चापूनचोपून दोन वेण्या घालायच्या, रिबिनी करकचून बांधायच्या. ती रडायची, मी ओरडायचे, रोज. तुम्ही कुंपणापलीकडून आलात, माझ्याकडे पाहिलंही नाहीत. तिच्यासमोर उकिडव्या बसलात आणि तिला विचारलंत, "दुखता काय गो तुका?"

नऊ वर्षांच्या पोरीला तोवर हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मग मला म्हणालात, "केस म्हणजे काय सुंभ न्हय गो, पीळ घालून ओढूक." तिच्या कानांवरचे केस बाजूला करून तुम्ही दाखवलंत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दोन्ही बाजूंनी केसांची कड विरळ झालेली, मुळाशी बारीक पुटकुळ्या. ते मी उन्हाळ्याचं घामोळं समजत होते. तुम्ही डॉक्टरांकडे पाठवलंत म्हणून त्याचं नाव कळलं, ट्रॅक्शन ॲलोपेशिया, म्हणजे सततच्या ओढीने केस जाणं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, ओढ थांबवली तर केस परत येतील. वर्षानुवर्षं चाललं असतं तर मुळं कायमची मेली असती. हे वाक्य मी आजही विसरत नाही.

त्याआधी मी आणखी एक चूक केली होती आणि ती तुम्हाला सांगायला मला महिना लागला. एका लग्नासाठी एका पार्लरमध्ये तिचे केस सरळ करून घेतले होते. आठ दिवस सगळ्यांनी कौतुक केलं. मग टोकं तुटायला लागली, केसांना फाटे फुटले आणि मुळाशी नवे केस आले ते पुन्हा कुरळेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं. हे ऐकून तुम्ही रागावला नाहीत. "आता तो पीळ तरी सांभाळूया," एवढंच म्हणालात, आणि रविवारची वेळ ठरवून टाकलीत.

तुम्ही आफ्रिकेत, केनियातल्या मोंबासाला इतकी वर्षं राहिलात हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिथून काय घेऊन आलात ते कोणी विचारलं नव्हतं. शेजारणींच्या मुलींच्या वेण्या घालता घालता तुम्ही शिकलात. तिथे स्वाहिलीत ह्याला "कुसुका" म्हणतात, आणि चटई विणणं हेही कुसुकाच, हे तुम्ही सांगितलंत ते माझ्या लेकीला फार आवडलं. आपल्याकडे चुडताचे, म्हणजे माडाच्या झावळीचे, झाप विणतात तसंच ना, असं तिने विचारलं होतं. टाळूला चिकटून सरळ मागे जाणाऱ्या वेण्यांच्या ओळी तुम्ही पहिल्यांदा घातल्यात, तेव्हा तिचे आजोबा खळ्यातून म्हणाले, "डोक्यावर लावणी लावलास काय?" तेव्हापासून आमच्या घरात त्या वेण्यांचं नाव "लावणी". शेतात लावलेल्या भाताच्या तरव्याच्या ओळींसारख्याच दिसतात त्या.

पण सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही वेणी घालण्याच्या आधीची शिकवलीत. आपण समजतो तेल लावलं म्हणजे केस ओले, मऊ झाले. तुम्ही म्हणालात, तेल म्हणजे पाणी नव्हे, तेल हे पाण्यावरचं झाकण. सरळ केसात डोक्याचं नैसर्गिक तेल आपोआप टोकापर्यंत उतरतं. कुरळ्या केसात प्रत्येक वळणावर अडतं, म्हणून टोकं कायम कोरडी, आणि तुटतातही त्या वळणांवरच. म्हणून आधी पाणी, मग जास्वंदीची पानं चुरून काढलेला बुळबुळीत रस, आणि केस ओले असतानाच वर थोडंसं खोबरेल. आपलं खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं, हे २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी प्रयोगाने दाखवलंय, असं मी पुढे वाचलं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "माझ्या आवशीक ह्या आधीच ठावक होता."

गुंता सोडवताना केसांचे चार भाग करायचे, तीन चिमट्यात अडकवायचे आणि एकच हातात घ्यायचा. आधी बोटं, मग मोठ्या दातांचा कंगवा, आणि सुरुवात टोकापासून. टोक सुटलं की दोन बोटं वर. मी आयुष्यभर उलटं करत आले होते. वरून ओढलं की सगळ्या गाठी खाली जाऊन एकच मोठी गाठ होते, हे इतकं साधं आहे की स्वतःचाच राग आला. पहिल्या रविवारी दीड तास लागला. लेक तुमच्या मांडीवर डोकं टेकून झोपून गेली. विंचरताना झोपली, काकू! मी आत जाऊन रडले ते तुम्हाला सांगितलं नव्हतं.

वेणी किती घट्ट, याचं तुमचं माप मी आता सगळ्यांना सांगते. घालून झाल्यावर मुलीला भुवया वर करायला, हसायला लावायचं. ताण जाणवला तर ती वेणी सोडून पुन्हा. कपाळाच्या कडेची बारीक लव वेणीत घ्यायचीच नाही. जड मणी नाहीत, लोकरीचे गोंडे नाहीत. "आज दुखलं, उद्या सैल होईल" हे तुम्ही कधी मानलं नाहीत, आणि मीही आता मानत नाही.

पावसाळा मला सगळ्यात कठीण गेला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा सुकत नाहीत, तिथे वेण्या काय सुकणार. पहिल्या जुलैत ओल्या वेण्यांवरच मी तिला झोपवलं आणि चौथ्या दिवशी डोक्याला कुबट वास. तुम्ही सगळ्या वेण्या सोडवल्यात, काही न बोलता. मग नियम झाला: धुवायचं ते सकाळी, पातळ केलेला शाम्पू बाटलीने ओळींमधल्या त्वचेवर सोडायचा, बोटांच्या पेरांनी दाबायचा, चोळायचं नाही, जुन्या सुती पंच्याने टिपून घ्यायचं आणि पंख्याखाली मुळापर्यंत सुकल्याशिवाय उशी नाही. समुद्रात खेळून आली की आधी विहिरीचं गोडं पाणी डोक्यावरून. रात्री बांधायला तुम्ही तुमच्या रेशमी साडीचा पदर फाडून दिलात. सुती उशी केसांतला ओलावा पिते आणि घासते, रेशीम नाही. ती साडी कुठली होती हे मला ठाऊक आहे, काकू.

दोन आठवड्यांनी वेण्या पहिल्यांदा सोडवल्या, तेव्हा माझ्या हातात केसांचा झुबका आला आणि मी किंचाळले. तुम्ही हिशेब घातलात. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतातच. वेणीत ते अडकून राहतात. १४ दिवसांचे ७०० ते १४०० एकदम हातात येणारच. आणि मुळाशी जमलेली मळाची बारीक गाठ आधी तेलाने, बोटांनी मोकळी करायची, मगच पाणी. घाईने पाणी ओतलं तर तिथे केसांचा नमदा, म्हणजे न सुटणारा गोळा, होतो आणि कात्रीच लागते. हे मला कोणीही सांगितलं नसतं.

शाळेतून चिठ्ठी आली, "केस नीटनेटके बांधून पाठवावे," तेव्हा मी पुन्हा रिबिनी काढल्या होत्या. तुम्ही माझ्याबरोबर शाळेत आलात. बाईंना लेकीच्या कानांवरची कड दाखवलीत, डॉक्टरांचा कागद दाखवलात, आणि शांतपणे सांगितलंत की ह्या वेण्या नीटनेटक्याच आहेत. त्या संध्याकाळी अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या भाचीने फोनवर सांगितलं की कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदाच केलाय, केसांच्या पोतावरून किंवा वेण्यांवरून शाळेत, नोकरीत कोणाला अडवायचं नाही. लेक ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती ताठ मानेने शाळेत गेली. बाईंनीही नंतर कधी काही म्हटलं नाही, उलट त्यांच्या पुतणीसाठी मला जास्वंदीच्या रसाचं विचारलं.

आता तिची कड भरून आलीय. केस ओढून धरले तर खांद्याखाली येतात, सोडले की कानाशी. फाल्गुनात तिने "लावणी"च्या मागच्या टोकांना सुरंगीचा वळेसर माळला होता. फोटो पाठवला, पण वास पाठवता येत नाही.

तुम्ही मुलाकडे मुंबईला गेलात तेव्हापासून रविवारी मीच बसते. हात तुमच्याइतके हलके नाहीत, पण पहिल्या वेणीला विचारते आणि शेवटच्या वेणीलाही विचारते. परवा लेक म्हणाली, "आई, तुझे केस दे." माझ्या सरळ केसांची तिने चौपेडी वेणी घातली, आणि मध्येच थांबून मला म्हणाली, "दुखता काय गो तुका?" अगदी तुमच्या आवाजात.

चवथीला या. तुमच्या घराची किल्ली आमच्याकडेच आहे, पडवी सारवून ठेवते. घाण्यावरचं खोबरेल काढून आणलंय. आणि ह्या वेळी तुमचे केस लेक विंचरणार आहे, तिने मोठ्या दातांचा नवा कंगवा त्यासाठी वेगळा ठेवलाय, त्याला मला हातही लावू देत नाही.

तुमचीच,
कुंपणाअलीकडची