आई-बाबांना: तुलांबेनच्या पाण्यात उतरण्याआधी

तुलांबेन, बाली

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परतीची तिकिटं काढण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाचा. आई, तूही वाच. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि कामाचं तेवढं राहून जातं.

बाबांना पाण्याखाली जायचंय आणि तुला ते पटत नाही. तुझी काळजी रास्त आहे, फक्त ती शार्कची आणि खोल पाण्याची आहे, तिथे ती वाया जाते. पहिल्यांदा उतरणाऱ्याला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत आणि मासे सहसा आपल्या वाटेला जात नाहीत. नवख्या माणसाला इजा होते ती कानाला, फुप्फुसाला, क्वचित हृदयाला, आणि तीही बऱ्याचदा अगदी वरच्या पाण्यात. पृष्ठभागावर हवेचा दाब साधारण १ बार असतो (बार हे दाब मोजायचं एकक). १० मीटर खाली तो २ बार होतो, २० मीटरवर ३, ३० वर ४. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो आणि शरीरातली हवा निम्मी आकसते. पुढच्या १० मीटरला तेवढा फरक पडत नाही. उथळ पाणी म्हणून बेफिकीर राहायचं नाही, ते एवढ्यासाठी.

पहिलं काम तिथेच, घरी करायचं आहे. पाण्यात उतरण्याआधी सगळीकडे प्रकृतीचा एक फॉर्म भरून घेतात. वय ४५ च्या पुढे आणि त्यात बीपी किंवा कोलेस्टेरॉल असेल तर डॉक्टरांची सही लागते. बाबा, तुम्हाला लागेल. किनाऱ्यावर पोहोचल्यावर उत्साहाच्या भरात सगळीकडे ‘नाही’ अशी खूण करणारे पुष्कळ असतात आणि मला त्यांचा राग येतो, कारण पाण्यात गेल्यावर तो खोटेपणा मार्गदर्शकाला निस्तरावा लागतो. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर भार वाढतो. बीपी आटोक्यात नसेल तर फुप्फुसात पाणी झिरपू शकतं. धाप, खोकला, गुलाबीसर फेस ही त्याची लक्षणं. बीपीच्या काही गोळ्या अशा असतात की श्रम वाढले तरी हृदयाचे ठोके हवे तेवढे वाढत नाहीत. म्हणून तुमच्या डॉक्टरांना गोळ्यांची नावं घेऊन स्पष्ट विचारा आणि त्यांनी सांगितली तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. दोन जिने न थांबता चढून वर गेल्यावर नीट बोलता येतं का, हेही घरी बघून ठेवा. डॉक्टर नको म्हणाले तर विषय संपला, त्यावर वाद घालायचा नाही.

आता सामान. तुम्ही सोसायटीत सगळ्यांना सांगताय तसा तो ऑक्सिजनचा सिलिंडर नसतो. त्यात आपण घेतो तीच हवा, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन, गाळून आणि कोरडी करून २०० बार दाबाने भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली विषारी ठरू लागतो, झटके येऊ शकतात. इथे सर्रास वापरतात तो ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरचा, म्हणजे त्यात सुमारे २२०० लिटर हवा बसते. शेवटचे ५० बार राखीव धरायचे, त्यांना हात लावायचा नाही. उरले १६५० लिटर. नवखा माणूस वर मिनिटाला २० लिटर हवा ओढत असेल, तर १० मीटरवर ४० ओढतो. हिशेब ४० मिनिटांच्या आसपास येतो. घाबरून भराभर श्वास घेतला तर २० मिनिटांतच काटा खाली.

सिलिंडरच्या तोंडाशी रेग्युलेटर बसतो. त्याचा पहिला टप्पा २०० बारचा दाब आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साधारण ९-१० बार जास्त इतका खाली आणतो, आणि तोंडातला दुसरा टप्पा श्वास ओढू तेव्हाच आणि पाण्याच्या दाबाइतकी हवा देतो. त्यालाच जोडलेलं पिवळं, जादाचं तोंड असतं ते जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायला. अंगात फुगवता येणारं जॅकेट, कमरेला शिसं, ३ मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख, म्हणजे वेटसूट. शिसं कशाला, असं आई विचारेल. वेटसूट तरंगतो म्हणून. शिवाय भरलेल्या सिलिंडरमधली हवाच अडीच किलोच्या वर भरते. ती वापरली गेली की सिलिंडर हलका होऊन शेवटी माणसाला वर ओढू लागतो. शिसं त्या शेवटच्या दहा मिनिटांच्या हिशेबाने बांधावं लागतं. कमी बांधलं तर वर येताना नेमकं थांबायच्या वेळी थांबता येत नाही.

उतरण्याआधी दोन गोष्टी तुम्ही स्वतः करायच्या, मार्गदर्शकाने केल्या असल्या तरी. रेग्युलेटर तोंडात धरून चार श्वास घ्या आणि त्याच वेळी दाबाच्या काट्याकडे बघा. श्वासागणिक काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर सिलिंडरची झडप अर्धवटच उघडलेली आहे. वर ते चालून जातं, १० मीटरवर हवा अपुरी पडते. दुसरं, हवेला वास यायला नको. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर तो सिलिंडर सरळ परत करा. कॉम्प्रेसर हवा ओढतो तिथे जवळच इंजिनाचा धूर असला की कार्बन मोनॉक्साइड आत जातो. त्याला स्वतःचा वास नसतो, पण धुराला असतो.

मास्कबद्दल एक नाजूक मुद्दा: बाबांची मिशी. मास्कची कड नाकाखाली मिशीवर टेकते आणि तिथून पाणी आत येत राहतं. मिशीची वरची पट्टी थोडी कातरलीत तर बरं. तसंही मास्कमध्ये पाणी येतंच. वरची कड कपाळाशी दाबून नाकाने जोरात श्वास सोडला की ते खालून निघून जातं. उथळ पाण्यात हे जमेपर्यंत पुढे जायचं नाही, कितीही वेळ लागो. दाताची काढता येणारी कवळी असेल तर ती खोलीवर ठेवायची.

तुलांबेनला वाळू नाही, आगुंग ज्वालामुखीचे काळे गोटे आहेत. नारळाएवढे, ओले, पायाखाली सरकणारे. इथे येणारी लोकं लाटेने पडतात त्यापेक्षा या गोट्यांवर जास्त पडतात. गावातल्या बायका सिलिंडर डोक्यावर घेऊन त्याच गोट्यांवरून चालत जातात, एकेक सिलिंडर १६-१७ किलोचा; तुम्ही त्यांच्यासारखं चालायला जाऊ नका. जाड तळाचे बूट घालायचे. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, जॅकेटमध्ये हवा भरलेली, मार्गदर्शकाचा हात धरलेला. फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंजे) घालून चालायचं नाही, त्या कमरेइतक्या पाण्यात जाऊन चढवायच्या. दोन लाटांमध्ये उसंत मिळते, तेवढ्यात पुढे जायचं. पडलात तर उभं राहायची धडपड नको, तसंच पालथं होऊन खोल पाण्याकडे सरकायचं; पाठीवरचं वजन पाण्यात जाणवत नाही. बाहेर येतानाही रेग्युलेटर अगदी शेवटी काढायचा. किनारा आला म्हणून आधीच काढला की नेमकी लाट तोंडावर येते.

खाली जाताना कान. दर अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, कानात ‘टक्’ होतं. हे दुखायच्या आधी करायचं. दुखायला लागल्यावर घशातून कानात जाणारी नळी दाबाने बंद झालेली असते आणि जोर लावला तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. दुखलंच तर मीटरभर वर यायचं, पुन्हा करून बघायचं. नाही जमलं तर त्या दिवशी नाही. सर्दी असेल तर पाण्यात जायचंच नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन गेलात आणि खाली तिचा असर उतरला, तर वर येताना कानातली हवा अडकते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते. तिला वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाटतं आणि बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जातात. दीड मीटरवरूनही हे होऊ शकतं. विहिरीत सूर मारणाऱ्या आपल्या पिढ्यांना श्वास धरायची सवय आहे, बाबांना तर फारच. रेग्युलेटर तोंडातून सुटला तरी परत मिळेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

वर येण्याचा वेग मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा जास्त नको. दाबाखाली नायट्रोजन रक्तात आणि मांसपेशींत विरघळतो. भरकन वर आलं की तो बुडबुड्यांच्या रूपात सुटतो: सांधे दुखतात, मुंग्या येतात, बिघडलं तर पाय लुळे पडतात. म्हणून ५ मीटरवर ३ मिनिटं थांबतात. आई, तू कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण काढत नाहीस ना, तसंच. १२ मीटरच्या एका फेरीत हा धोका कमी असतो, पण लक्षणं आली तर ती थकव्यावर ढकलून झोपायचं नाही. ताबडतोब शंभर टक्के ऑक्सिजन आणि मग दाबकक्ष, म्हणजे माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची बंद खोली. तो देनपसारच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आहे, इथून गाडीने अडीच-तीन तासांवर. प्रवासाच्या साध्या विम्यात स्कूबा, म्हणजे सिलिंडर लावून पाण्याखाली जाणं, अनेकदा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. तो बारीक मजकूर वाचून घ्या.

विमानात हवेचा दाब कमी असतो, तिथेही उरलेला नायट्रोजन असाच सुटू शकतो. म्हणूनच तिकिटांचं म्हणत होते. पाण्याखालची एकच फेरी झाली असेल तर विमानाआधी निदान १२ तास, एकाहून जास्त फेऱ्या किंवा लागोपाठचे दिवस असतील तर १८ तास. मी सरळ एक पूर्ण दिवस मोकळा धरते. आणि बाबांच्या यादीतलं किंतामणी! ते डोंगरातलं ठिकाण दीड हजार मीटर उंचीवर आहे, पाण्यातून निघून त्याच दुपारी गाडीने वर जाणं हे विमानात बसण्यासारखंच. किंतामणी आधी, तुलांबेन मध्ये, विमानतळाजवळचे दिवस शेवटी.

एवढं करून दिसतं काय? ‘लिबर्टी’. १९१८ साली बांधलेलं अमेरिकन मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ ला लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडी आय-१६६ ने त्याला टॉर्पेडो मारला. दोन युद्धनौकांनी ते उत्तर बालीतल्या सिंगाराजा बंदराकडे ओढत न्यायचा प्रयत्न केला, पण पाणी भरत गेलं आणि त्यांनी ते इथेच किनाऱ्याला लावलं. माल काढून घेतला गेला. सांगाडा किनाऱ्यावरच राहिला तो १९६३ पर्यंत. त्या वर्षी आगुंगचा उद्रेक झाला, जमीन हादरली आणि जहाज घसरत समुद्रात गेलं. आता ते किनाऱ्याला समांतर पडलं आहे, सव्वाशे मीटरच्या आसपास लांब, वरचा भाग जेमतेम ५ मीटरवर आणि तळ ३० मीटरच्या जवळ. युद्धातलं बुडालेलं जहाज होडीशिवाय, किनाऱ्यावरून चालत जाऊन बघायला मिळतं अशा जागा फार नाहीत. पोलादावर प्रवाळ आणि पंख्यासारखे समुद्रपंखे वाढलेत, ट्रेव्हली माशांचा थवा जहाजावर फिरत असतो, पहाटे कपाळावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे दिसतात. लाल रंग काही मीटरांतच दिसेनासा होतो, म्हणून टॉर्च लावेपर्यंत सगळं निळंकरडं वाटेल. बाबांनी जहाजाच्या आत शिरायचं नाही. कुठेही हात टेकवायचा नाही. विषारी काट्यांचा विंचूमासा खरंच दगडासारखा दिसतो. मोठा ट्रिगरफिश घरट्याजवळ अंगावर आला तर वर न जाता आडवं दूर व्हायचं, त्याची हद्द वरच्या दिशेने रुंदावत जाते. आणि खाली असताना अंगठा दाखवू नका! त्याचा अर्थ ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

दिवस एप्रिल ते नोव्हेंबरमधले धरा, पावसाळ्यात लाटा वाढतात आणि ओढ्यांनी पाणी गढूळ होतं. सकाळी सातला उतरायचं, दहानंतर दक्षिण बालीतून गाड्या भरून लोक येतात. मालवण-तारकर्लीला मार्गदर्शक मागून सिलिंडर धरून काही मिनिटं फिरवून आणतो, इथेही तसंच एका मार्गदर्शकामागे एकच माणूस घ्यायला सांगायचं. नियमात चारजण बसतात, पण बाबांसाठी मी ते मान्य करणार नाही. नुसा पेनिदा बेटावर जायचा मोह कोणी घातला तरी नाही म्हणा. तिथले प्रवाह माणसाला खाली ओढतात, ते शिकलेल्यांचं पाणी आहे.

आई, तुला पोहता येत नसलं तरी लाइफ जॅकेट, मास्क आणि स्नॉर्केल घालून मार्गदर्शकाबरोबर वरून तरंगत जहाजाचा माथा दिसेल. पूर्ण बाह्यांचा पोशाख घाल, पाठ भाजते. दोघांनीही सकाळी हलकं खायचं, उपास नको आणि मिसळही नको. पाणी भरपूर प्या, पाण्यात असताना लघवी जास्त होते.

उलट टपाली एवढं कळवा: बाबांच्या सगळ्या गोळ्या, डोसासकट. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत. आणि चष्म्याचा नंबर, दोन्ही डोळ्यांचा वेगळा. तशा काचांचा मास्क इथे आधीपासून सांगून ठेवावा लागतो.

तुमची,
लेक