इनक्युबेटर आणला की झाले?

संपादक महोदय,

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारे पेशींचे वाण) गोव्यातच तयार व्हाव्यात, ही मागणी रास्त. पण पेशी वाढवण्याची उबदार पेटी, म्हणजे नुसता इनक्युबेटर, आणून भागत नाही. आतड्याचा तुकडा जंतूंसकटच येतो. तो बर्फावर आणून प्रतिजैविकाच्या द्रावणात पाच-सहा वेळा धुवावा, १ मिलिमीटरचे कण करून कोलॅजिनेज या विकराने (एन्झाइमने) पेशी सुट्या कराव्यात. पुढे इनक्युबेटरमध्ये ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. खरी डोकेदुखी फायब्रोब्लास्टची, म्हणजे गाठीसोबत येणाऱ्या संयोजी ऊतीच्या साध्या पेशींची: शेतातल्या तणासारखे ते बघता बघता फ्लास्क व्यापतात. चिकटलेल्या पेशी सोडवणारे ट्रिप्सिन हे विकर घातल्यावर ते आधी सुटतात, तेव्हाच ओतून टाकावेत. सेल लाइन खरोखर कोणाची, हे पाहणारी डीएनए तपासणी टाळू नये. वेगळी समजली गेलेली ‘विडीआर’ ही सेल लाइन शेवटी १९६४ची ‘एचटी-२९’च निघाली. आणि पावसाळ्यातली आपली वीज! ती गेली की इनक्युबेटर बंद; म्हणून पेशींच्या सुरुवातीच्याच काही कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या हव्यात.

— पेशीसंवर्धनातील काही संशोधक, पणजी