तात्या, तुम्ही सोडलेल्या त्या कोपऱ्यासाठी

तीर्थस्वरूप तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे. पण तुमची नात वाचते, आणि पडवीत बसून हे पत्र मोठ्याने वाचून दाखवीन असं तिने कबूल केलंय. चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला आवडायचे नाहीत, तरी यावेळी ऐकून घ्या. गेल्या आठवड्यात कणकवलीत माझं पहिलं प्रदर्शन झालं. दगडात घडवलेली सहा शिल्पं आणि बावीस फोटो. येणारी माणसं फिरून फिरून एकाच दगडापाशी थांबत होती, आणि तो दगड तुम्ही दिलेला आहे.

मुंबईत शिल्पकला शिकताना आम्ही आधी मातीत काम करायचो, मग प्लास्टरचा साचा, मग साच्यातून फायबर. चुकलं तर माती परत लावता येते. गावी परत आले तेव्हा वाटलं, दाराशी जांभ्याचा लाल दगड असताना फायबर कशाला? आजीच्या पडक्या घराचे चिरे घेऊन बसले. छिन्नी लावली की कड ढासळायची. तीन चिरे वाया घालवून चौथा तुम्ही मुकादम आहात त्या जांभ्याच्या खाणीवर घेऊन आले, तेव्हा तुम्ही तो उचलून उलटापालटा केलात आणि म्हणालात, "बाय, ह्यो म्हातारो झालो. ओलो घे."

तेवढ्या एका वाक्याने माझं वर्ष वाचलं. जांभा जमिनीतून निघतो तेव्हा ओलसर आणि मऊ असतो. हवा आणि ऊन लागत जातं तसतसा तो कडक होतो, परत मऊ होत नाही. मी नंतर वाचलं की १८०७ साली फ्रान्सिस बुकानन नावाच्या माणसाने मलबारातल्या अशाच दगडाचं वर्णन छापलं आणि लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट असं नाव दिलं. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून तो लाल आणि म्हणून त्याला इतकी भोकं. हे पुस्तकात मिळालं. पण ताज्या चिऱ्यावर नख ओढून किती दिवस हातात आहेत ते ओळखायचं, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते तुम्ही माझं बोट धरून दाखवलंत.

आता मुख्य गोष्ट.

एप्रिलमध्ये खाणीच्या वरच्या कडेला टिटवीने अंडी घातली. घरटं कसलं, कातळावरचा तळहाताएवढा खळगा, त्यात चार खडे आणि खड्यांच्याच रंगाची चार अंडी. मी कॅमेरा घेऊन पोचले तर तुम्ही आधीच चारी बाजूंनी चिरे मांडून ठेवले होते, कुणाचा पाय पडू नये म्हणून. मशीन त्याच दिवशी त्या बाजूला यायचं होतं. तुम्ही मालकांना सरळ सांगितलंत, "पिल्लां येयपर्यंत ह्यो कोपरो ऱ्हवांदे." पाऊस तोंडावर असताना, खाण बंद होण्याआधी जास्तीत जास्त चिरे काढायचे असताना, मुकादमाने हे बोलायचं म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळलं नाही. आता कळतं.

चार आठवडे मी रोज तिथे होते. तुम्ही सांगितलेल्या जागी, लांब, माडाच्या झावळ्यांचा झाप अंथरून. दुपारी कातळ इतका तापायचा की चप्पल काढली तर पाय भाजावा. तुम्ही सावलीत पाण्याचं घमेलं ठेवायला लावलंत. मला वाटलं कामगारांच्या कुत्र्यासाठी असेल. तर टिटवी त्यात उतरायची, पोट बुडवायची आणि चालत परत अंड्यांवर जाऊन बसायची. लाल दगडावर तिच्या वाटेने काळे ओले ठिपके पडायचे आणि बघता बघता सुकायचे. तो ठिपक्यांचा फोटो मी प्रदर्शनात सगळ्यात आधी लावला होता. पक्षी त्यात नाहीच.

पिल्लं निघून गेली त्या संध्याकाळी तुम्ही तो कोपरा हाताने कापलात. मशीन लावलं नाहीत. दोन हात लांब ठोकळा, वर खळगा तसाच. तो टेम्पोत घालून घरी पोचवलात आणि पैसे घेतले नाहीत.

मला त्यात सगळंच हवं होतं: डोळ्यापुढची लाल कातडी, चोच, पिवळे पाय. फोटोत हे सगळं आलं होतं ना! पण जांभ्यात चोच टिकेना. तुम्ही एकदा येऊन बघून गेलात आणि एवढंच म्हणालात, "पोट कर, चोच सोड." मग मी फक्त बसलेल्या पाखराच्या पाठीचा उंचवटा ठेवला आणि खाली तुमचा खळगा. बारकावा फोटोकडे राहिला, भार दगडाकडे. दोन्ही कामं मला एकत्र का करायची असतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

कुडोपीचं तर राहिलंच. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे कातळावर खोदलेली जुनी चित्रं, आली, त्यात आपल्या मालवण तालुक्यातलं कुडोपीही. भर दुपारी काढलेल्या माझ्या फोटोंत नुसता सपाट कातळ दिसत होता. रेषा उठून दिसाव्यात म्हणून मी खडू काढला, तो तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलात. "खडू कित्याक? ऊन खाली येवंदे." आपण दोन तास बसलो. ऊन आडवं झालं आणि प्रत्येक खोदरेषेच्या एका काठावर सावली उभी राहिली. माझे सगळे दगड मी आता तशाच तिरक्या उजेडात घडवते, खोलीत दिवाही बाजूलाच ठेवते.

प्रदर्शनात 'हात लावू नये' अशी पाटी होती. दुसऱ्या दिवशी एका आजींनी ती न बघताच खळग्यात तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी पाटी काढून टाकली.

मे संपायच्या आत येते. एक ओला चिरा बाजूला काढून ठेवा, जरा मोठा. आणि यावेळी पैसे घ्यायचे, तात्या, नाहीतर मी काकींच्या हातात देईन.

तुमची,
बाय